यान्यु सिएर्स पनीरसारखं भुसभुशीत का होतं?

प्रश्न असा आहे: लाटवियात रिगाला शिकायला असताना २३ जूनच्या रात्री मैत्रिणीच्या आजीकडे यान्यु सिएर्स नावाचं, शहाजिऱ्यासारखे दाणे घातलेलं पिवळसर गोल चीज खाल्लं. त्याच्या जाड कापा पडत होत्या, चावताना किंचित ताण होता. आता पुण्यात दोनदा करून पाहिलं. पहिल्यांदा दोन लिटर दुधात अर्धा किलो बाजारचा चक्का घातला. दूध पुरेसं फाटत नाही असं वाटलं म्हणून लिंबू पिळलं. सुरी लावली की भुगा. दुसऱ्यांदा लिंबू टाळलं, पण आंबटपणाच्या भीतीने चक्काही पाव किलोच घेतला. तेव्हा दाणे रबरासारखे चिवट झाले, दाताखाली कुरकुर वाजले, आणि मध्ये अंड्याच्या गुठळ्या. आता रेनेट (चिजासाठी दूध जमवायचं विरजण) घालून बघू का? आणि घरी आईला अंडं चालत नाही, तिच्यासाठी काही करता येईल का?

आधी रेनेटचं सांगते. घालू नका. रेनेटने चांगलं चीज होईल, पण ते यान्यु सिएर्स नसेल, आणि तुमची अडचणही सुटणार नाही. अडचण दूध फाटण्याची नाहीच. तुमचं दूध दोन्ही वेळा फाटलं होतं. अडचण पुढच्या पायरीची आहे. हे चीज वितळवून करायचं असतं आणि तुमचा चोथा दोन्ही वेळा वितळला नाही. पहिल्यांदा तो जास्त आंबट होता म्हणून, दुसऱ्यांदा पुरेसा आंबट नव्हता म्हणून. म्हणजे तुम्ही एकदा बरोबर जागेच्या अलीकडे थांबलात आणि एकदा पलीकडे गेलात. दोन्ही वेळचं प्रमाण तुम्ही लिहिलंत म्हणून हे सांगता येतंय.

मी बावीस वर्षं लाटवियात आहे. त्यातली चौदा वर्षं विद्झेमे भागात, त्सेसिसजवळच्या एका छोट्या डेअरीत चीज करण्यात गेली. त्याआधी हे चीज मी सासूबाईंच्या हाताखाली शिकले आणि पहिली दोन वर्षं त्यांनी मला फक्त ढवळायला दिलं होतं. तेव्हा मला त्याचा राग यायचा. सगळा निकाल त्या ढवळण्यातच लागतो, हे नंतर कळलं.

आपल्याकडे कोणाला हे चीज माहीत नसेल म्हणून थोडं. लाटवियात २३ जूनच्या संध्याकाळी लीगो आणि २४ ला यान्यी, असा वर्षातला सगळ्यात मोठा सण असतो. रिगात त्या दिवसांत सूर्य रात्री सव्वादहाच्या पुढे मावळतो आणि साडेचारच्या सुमाराला उगवतो. मधली छोटी रात्र लोक शेकोटीपाशी जागून काढतात. पाहुणे गाणी म्हणत अंगणात येतात आणि घरच्या बाईकडे चीज मागतात, घरच्या पुरुषाकडे बिअर. त्या रात्रीपुरतं त्या बाईला 'यान्यु माते' म्हणतात. हे 'माते' आणि आपली माता एकाच कुळातले शब्द आहेत. दुधाला इथे 'पिएन्स' म्हणतात, तेही आपल्या 'पय'च्या नात्यातलं. चीज द्यायला उशीर केला तर पाहुणे त्या बाईला टोमणे मारणारी चार ओळींची गाणी म्हणतात आणि तिने गाण्यातूनच उत्तर द्यायचं असतं. चीज गोल, कारण ते सूर्याचं रूप. सोव्हिएत राजवटीत काही वर्षं हा सण साजरा करायलाच मनाई होती, पण घराघरांतली चिजाची पातेली काही थांबली नाहीत. २०१५ मध्ये युरोपीय संघाने यान्यु सिएर्सला पारंपरिक पद्धतीची हमी देणारा दर्जा दिला. हा दर्जा जागेला नसतो, कृतीला असतो. विशिष्ट गावात केलं तरच खरं, अशी अट त्यात नाही. म्हणून पुण्यात ते करायला काहीच हरकत नाही. कृती मात्र पाळावी लागते, आणि त्या कृतीत लिंबू नाही.

आता मुख्य गोष्ट. सासूबाईंच्या कृतीत दूध फाडायला घालतात ते 'बिएझपिएन्स'. शब्दशः घट्ट दूध. आपल्या चक्क्याचं हे थंड प्रदेशातलं भावंड, फक्त एक फरक आहे. चक्का म्हणजे दही नुसतं टांगून ठेवलेलं. बिएझपिएन्स करताना विरजलेलं दूध आधी हळूहळू तापवतात, त्यामुळे दह्याचे दाणे आकसतात, पाणी सोडतात आणि मग ते गाळतात. हाताला ते कोरडं, रवाळ लागतं. चक्का लोण्यासारखा मऊ लागतो.

हे बिएझपिएन्स उकळीला आलेल्या ताज्या दुधात घातलं की दोन गोष्टी एकदम होतात. त्याच्या आंबटपणाने ताजं दूध फाटतं, आणि ताज्या दुधामुळे त्याचा स्वतःचा आंबटपणा उतरतो. दोघं मध्यावर भेटतात. आंबटपणा मोजायच्या पट्टीवर (पीएच, यात आकडा जितका लहान तितका आंबटपणा जास्त) बोलायचं तर दही ४.५ च्या आसपास असतं, ताजं दूध ६.६ ते ६.७, आणि दोन्ही मिळून चोथा साधारण ५.३ ते ५.५ वर येतो. दुधातली प्रथिनं एकमेकांना धरून ठेवतात ती बरीचशी कॅल्शियममुळे. आंबटपणा वाढत जातो तसं हे कॅल्शियम सुटून पाण्यात जातं. थोडं सुटलं की प्रथिनांची पकड सैल होते आणि तापवल्यावर ती एकमेकांवरून सरकू लागतात. यालाच आपण वितळणं, तार येणं म्हणतो. फार सुटलं की पकडच राहत नाही, दाणे भुसभुशीत होतात. अजिबात सुटलं नाही तर पकड इतकी घट्ट राहते की ते सरकतच नाहीत आणि चिवट लागतात.

म्हणजे बिएझपिएन्स आणि दुधाचं प्रमाण हे चवीसाठी नसतं. आंबटपणा जागेवर आणायचं तेच साधन आहे. अर्धा किलो बिएझपिएन्सला दोन लिटर दूध, हे माझं नेहमीचं प्रमाण. काही घरांत दीड लिटर घेतात, काही अडीच लिटरपर्यंत जातात, तेवढं चालतं. पहिल्या वेळी तुमचं प्रमाण बरोबर होतं, लिंबाने ते बिघडवलं. दुसऱ्या वेळी पाव किलो चक्क्याला दोन लिटर, म्हणजे एकास आठ. त्याने दूध जेमतेम फाटलं असणार, आणि हाती आलं ते जवळजवळ पनीर. पनीरही तळलं तरी वितळत नाही.

मग पहिल्या वेळी दूध 'पुरेसं फाटत नाही' असं का वाटलं? माझा अंदाज असा की तुम्ही थांबला नाहीत. लिंबू घातलं की दूध डोळ्यांदेखत फाटतं आणि आपल्याला तीच सवय आहे. बिएझपिएन्सचा आंबटपणा दाण्यांच्या आत कोंडलेला असतो, तो बाहेर यायला वेळ लागतो. पहिली पाच मिनिटं पातेल्यात नुसती पांढरी पेज दिसते. मलाही पहिल्या वर्षी वाटलं होतं की बिघडलं. सासूबाई म्हणाल्या, चमचा खाली ठेव आणि खिडकीतून बाहेर बघ. दहा-बारा मिनिटांनी पाणी हिरवट पिवळं आणि नितळ झालं, चोथा वर तरंगला. मंद आचेवर हे व्हायला वीस मिनिटंही लागू शकतात. पाणी दुधाळ आहे तोवर गाळायचं नाही, आणि त्यात दुसरं काहीही घालायचं नाही.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर आहेत आणि त्या इथून मला दिसत नाहीत. पहिली म्हणजे तुमचं दूध. महाराष्ट्रात पिशवीचं टोन्ड दूध ३ टक्के स्निग्धांशाचं असतं आणि फुल क्रीम ६ टक्क्यांचं. त्यात म्हशीचं दूध किती, हे पिशवीवर नेहमी कळत नाही. म्हशीच्या दुधात प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही जास्त. त्याचा चोथा मुळातच घट्ट येतो आणि ते आंबटपणालाही जास्त दाद देत नाही, म्हणून त्याला बिएझपिएन्स थोडं वाढवून लागेल. पहिल्या प्रयत्नाला गाईचं दूध घ्या, गोठ्यावरचं मिळालं तर फारच चांगलं. महिनोन्‌महिने टिकणारं खोक्यातलं दूध घेऊ नका. ते इतकं तापवलेलं असतं की त्यातली पाण्यात राहणारी प्रथिनं आधीच दुसऱ्या प्रथिनांना चिकटून बसलेली असतात. चोथा बारीक, लिबलिबीत होतो आणि पाणी सोडत नाही. रिगात शिकणारी मुलं मला हाच प्रश्न विचारतात तेव्हा दहातल्या सात वेळा दूध तसलंच निघतं.

दुसरी म्हणजे चक्का. बाजारचा चक्का श्रीखंडासाठी केलेला असतो, त्यात पाणी जास्त आणि आंबटपणा किती ते त्या दिवसावर अवलंबून. तुम्ही बिएझपिएन्स घरी करा, हा माझा आग्रह आहे. अडीच ते तीन लिटर गाईचं दूध तापवून, कोमट करून, विरजण लावून ठेवा. घट्ट दही लागलं आणि कडेला पाणी सुटायला लागलं की सुरीने त्याच्या उभ्या-आडव्या वड्या पाडा, आणि ते पातेलं गरम पाण्याच्या मोठ्या पातेल्यात ठेवा. खालची आच अगदी मंद. अर्ध्या-पाऊण तासात दही हाताला छान गरम लागेल, साधारण ४५ अंश, आणि वड्या आकसून पाण्यात तरंगतील. मध्ये एकदोनदाच हलक्या हाताने तळापासून उलटा. मग कापडात दोन-तीन तास टांगा. मूठभर घेऊन दाबलं तर गोळा व्हावा आणि बोटाने टोकलं तर सुटावा, इतपत कोरडं हवं. अर्धा किलोच्या आसपास मिळेल.

रिगात असतानाच करून बघायचं असतं तर मी तुम्हाला सेंट्रल मार्केटच्या दुधाच्या दालनात पाठवलं असतं. पहिल्या महायुद्धातल्या जर्मन हवाई जहाजांच्या हँगरचे सांगाडे आणून त्यावर ती पाच प्रचंड दालनं उभारली आणि १९३० मध्ये बाजार सुरू झाला. तिथे बिएझपिएन्स सुटं मिळतं आणि विकणारी बाई चाखायला देते. चाखताना जिभेवर दाणे लागायला हवेत. दुकानातलं डब्यातलं गुळगुळीत क्रीमसारखं बिएझपिएन्स या कामाचं नाही.

आता कृती सलग सांगते, कारण हे तुकड्यातुकड्याने वाचून कोणी करू नये. दोन लिटर दूध जाड बुडाच्या पातेल्यात तापवा. कडेला बारीक बुडबुडे येऊन दूध वर यायच्या बेताला, ९० अंशांच्या आसपास, आच अगदी कमी करा. बिएझपिएन्स आधीच बाहेर काढून ठेवलेलं असू दे, फ्रिजमधलं गार घातलं तर दूध एकदम निवतं. ते हाताने चुरून घाला, दोन मिनिटं हलकं ढवळा आणि थांबा. पाणी नितळलं की कापडावर गाळा. पिळू मात्र नका. पाच-सात मिनिटं निथळू दे, चोथा गरमच हवा. त्यातच ओलावा राहिला पाहिजे, नाहीतर पुढे वितळायला त्याच्याकडे काही उरत नाही. पिळणं ही आपली पनीरची सवय, ती इथे नडते.

याच टप्प्यावर एक चाचणी करा. मी डेअरीत आजही प्रत्येक घाण्याला करते. चमचाभर निथळलेला चोथा छोट्या तव्यावर, बोटभर लोणी आणि चिमूटभर मिठासकट, मंद आचेवर ठेवून लाकडी चमच्याने दाबत राहा. दीड-दोन मिनिटांत दाणे एकमेकांत मिसळून त्याला चकाकी आली आणि चमचा उचलल्यावर आखूड का होईना तार आली, तर सगळा चोथा पुढे न्या. दाणे सुटे राहिले आणि पाणी वेगळं झालं तर तो चोथा चाखा. स्पष्ट आंबट लागला तर जास्त आंबट आहे. सगळ्या चोथ्याला पाव चमच्याहून थोडा कमी खाण्याचा सोडा शिंपडून मळा आणि दहा मिनिटांनी पुन्हा चाचणी करा. गोडसर लागला आणि दाताखाली कुरकुरला तर आंबटपणा कमी आहे. दोन-तीन चमचे बिएझपिएन्स मिसळून पुन्हा पाहा. ही चाचणी केली असती तर तुमचे दोन्ही घाणे वाचले असते. सोड्याला नाक मुरडू नका, लाटवियातल्या कित्येक आज्या तो घालतात. फक्त जास्त झाला तर साबणासारखी चव येते, म्हणून हात आखडता ठेवा.

आता दुसरं पातेलं. त्यात पन्नास ग्रॅम लोणी विरघळवा, मीठ नसलेलं. तूप नको, लोण्यातलं पाणी आणि दुधाचा अंश इथे उपयोगी पडतो. त्यात चोथा घाला आणि मंद आचेवर मळल्यासारखं ढवळत राहा. सुरुवातीला तो चुरा दिसेल, मग ओलसर होईल, मग गोळा धरायला लागेल. दोन अंडी सपाट चमचाभर मिठाबरोबर नीट फेटून ठेवलेली असू देत. ती गोळा धरू लागल्यावरच घाला, तीसुद्धा तीन-चार वेळा थोडी थोडी, आणि प्रत्येक वेळी पातेलं क्षणभर आचेवरून उतरवून. तुमच्या गुठळ्या झाल्या त्या इथेच. चोथा वितळत नव्हता म्हणून तुम्ही आच वाढवली असणार, आणि अंडं ८० अंशांच्या वर गेलं की त्याची भुर्जी होते. मिश्रण ७५ ते ८० अंशांत ठेवायचं. थर्मामीटर नसेल तर खूण अशी: वाफ दिसते, पण कुठेही बुडबुडा फुटत नाही.

आठ ते बारा मिनिटं. खोबऱ्याची वडी थापायच्या आधी मिश्रण जसं कडा सोडतं आणि चमच्याभोवती गोळा होऊन फिरायला लागतं, तसं झालं की थांबा. आणखी ढवळलं तर लोणी सुटून बाहेर येतं आणि ते परत आत जात नाही. पातेलं उतरवताना दोन चमचे किमेनेस घाला.

किमेनेसबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. इथे राहणारी बहुतेक मराठी माणसं त्याला पहिल्यांदा जिरं समजतात, दिसतंही तसंच. पण जिरं घातलं तर चिजाला थेट आमटीच्या फोडणीचा वास येतो. किमेनेस म्हणजे कॅरवे. आपल्याकडे शहाजिरं म्हणून मिळतं त्यात दोन वेगळ्या वनस्पतींची बी विकली जाते. एक बारीक, काळपट, थोडी मातकट वासाची. दुसरी जरा जाड, तपकिरी, बाकदार, चावल्यावर बडीशेपेकडे झुकणारी गार चव देणारी. तुम्हाला दुसरी हवी. दुकानात एक दाणा चावून बघा आणि मगच घ्या. घालायच्या आधी त्यावर दोन चमचे उकळतं पाणी ओतून दहा मिनिटं ठेवा, म्हणजे दाणे मऊ होतात आणि चीज कापताना सुरीत अडकत नाहीत. भाजू नका.

गरम मिश्रण ओल्या, पिळलेल्या मलमलीत ओता, चारी टोकं एकत्र आणून गाठ मारा. गाठ बरोबर मध्यावर आणा आणि कापडाच्या चुण्या चारी बाजूंना सारख्या पसरवा. त्या चुण्यांचे वळ चिजावर उठतात आणि मध्यापासून निघालेल्या किरणांसारखे दिसतात. सासूबाई ही गाठ तीन-तीनदा सोडून बांधायच्या. पाटावर ठेवून वर दुसरा पाट आणि त्यावर पाण्याने भरलेलं पातेलं, दोन-तीन किलोंचं वजन होईल असं. निवलं की वजनासकट रात्रभर फ्रिजमध्ये. पुण्यात ओट्यावर ठेवू नका, इथली जूनची रात्र आणि तिथली यांत फार फरक आहे. दुसऱ्या दिवशी हाती पाऊण किलोच्या आत-बाहेर चीज येईल. वरून लोण्याचा हात फिरवून कागदात गुंडाळून ठेवलं तर आठवडाभर चांगलं राहतं.

तुम्ही खाल्लेलं चीज एकसंध, गुळगुळीत होतं की आत दाणे दिसत होते, हे तुम्ही लिहिलेलं नाही. दोन्ही पंथ आहेत. आमच्या घरात दाणे अर्धवट विरघळलेले ठेवतात, कापेवर संगमरवरासारखी नक्षी दिसते. डेअरीत गिऱ्हाइकाला गुळगुळीत हवं असतं म्हणून आम्ही जास्त वेळ वितळवतो. मला घरचं जास्त आवडतं. पण तुमच्या मैत्रिणीच्या आजीचं जसं होतं तसंच तुम्हाला हवं असणार, तेव्हा आठवून बघा आणि त्याप्रमाणे दोन मिनिटं कमी-जास्त करा. अगदी असंच चीज सीमेपलीकडे एस्टोनियाच्या आग्नेय कोपऱ्यातले सेतो लोकही करतात, त्याला ते 'सोइर' म्हणतात. त्यांची भाषा लाटवियनसारखी बाल्टिक कुळातली नाही, पण दुधाच्या बाबतीत शेजारपण भाषेपेक्षा जुनं असावं असं मला त्यांचं चीज खाताना नेहमी वाटतं.

आता आईंसाठी. यान्यु सिएर्स अंड्याशिवाय होतं का? होतं, पण चूक सोसत नाही. अंडं हे इथे बांधून ठेवण्याचं काम करतं, चोथा अर्धवट वितळला तरी ते सांभाळून घेतं. अंडं काढलं की सगळा भार आंबटपणावर येतो. तव्यावरच्या चाचणीला चांगली तार आली असेल तरच अंड्याविना पुढे जा, लोणी वीस ग्रॅमने वाढवा आणि चिमूटभर सोडा घालाच. रंग फिका येईल. काप जरा ठिसूळ पडेल.

माझं मत विचाराल तर आईंसाठी लाटवियाचं चीज पांगळं करण्यापेक्षा शेजारच्या लिथुआनियाचं करा, ज्यात अंडं मुळातच नाही. 'वार्श्केस सूरिस'. वार्श्के म्हणजे त्यांचं बिएझपिएन्स, सूरिस म्हणजे चीज; 'सूरुस' म्हणजे खारट, त्याच कुळातला शब्द. ते वितळवत नाहीत, फक्त दाबतात. मी वर सांगितलं तसंच दही तापवायचं, पण थोडं पुढे, ५० ते ५५ अंशांपर्यंत, आणि चोथा गरम असतानाच त्रिकोणी शिवलेल्या तागाच्या पिशवीत भरायचा. या पिशवीला ते 'सूरमायशिस' म्हणतात. पूर्वी घरोघरी त्या शिवलेल्या असायच्या. तोंड बांधून दोन फळ्यांमध्ये दाबलं की पानाच्या विड्यासारखा त्रिकोणी, कडा गोल झालेला गोळा निघतो. वरून मीठ चोळायचं. ताजं असताना ते मऊ, आंबूस, पांढरंशुभ्र असतं आणि लिथुआनियात त्यावर मध घालून खातात. हीच तुमच्या आईंना बहुधा आवडणारी गोष्ट आहे. त्याला लिथुआनियाच्या नावाने युरोपीय भौगोलिक मानांकनही आहे.

तापमानात इथे कंजूषी बरी. ६० च्या वर गेलात तर दाणे वाळूसारखे होतात आणि मध ओतूनही घशाखाली उतरत नाहीत. आणि यात मात्र वितळणं नाही म्हणून आंबटपणाची ती अरुंद गल्लीही नाही, दही ताजं आणि चांगल्या चवीचं असलं की झालं. उरलं तर मीठ चोळून पंख्याखाली जाळीवर दोन दिवस सुकवा, मग फ्रिजमध्ये. खेड्यांत ते चुलीजवळच्या फळीवर वाळवून किंवा धुरी देऊन हिवाळ्यासाठी ठेवायचे. तुमच्याकडच्या दमट हवेत पावसाळ्यात हा प्रयोग करू नका, बुरशी येते.

बाजारातून घेऊन आईंना देणार असाल, इथून कोणी आणणार असेल, तर वेष्टनावर अंड्यासाठी लाटवियन शब्द 'ओलास' (olas) आहे आणि लिथुआनियन 'क्याउशिन्याय' (kiaušiniai), तो शोधा. या दोन्ही चिजांच्या जुन्या घरगुती कृतीत रेनेट नाही, पण कारखान्यातल्या मालात काय असेल ते लेबल वाचूनच ठरवा.

दोन्ही पातेल्यांतलं पाणी फेकू नका. पहिल्या गाळण्यातलं नितळ पाणी गोडसर असतं, कणीक त्यात मळा, पोळ्या मऊ होतात. दह्याच्या गाळण्यातलं आंबट असतं, ते कढीला चालतं.

कापडाचं शेवटी सांगते, कारण पुढच्या वेळी तेच घ्याल. ते साबणाने धुऊ नका, साबणाचा वास मलमलीत बसतो आणि लोणी तो लगेच ओढून घेतं. आधी गार पाण्यात चोळून दुधाचा अंश काढा. गरम पाणी आधी घातलं तर प्रथिनं धाग्यांत शिजून बसतात. मग दहा मिनिटं नुसत्या पाण्यात उकळा आणि उन्हात वाळवा.